जर्मन घड्याळ, इंग्रजी भाषांतर आणि मध्येच हरवलेला तास

मुळाकाठ

नमस्कार. मी पुण्यात जर्मन, इंग्रजी आणि मराठी अशा तीन भाषांमध्ये तांत्रिक भाषांतराचे काम करतो. गेल्या महिन्यात घडलेली एक गोष्ट आधी सांगतो आणि मग प्रश्न विचारतो.

एका कारखान्यात नव्याने बसवलेल्या यंत्राची चाचणी स्टुटगार्टजवळच्या अभियंत्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवायची होती. तिकडच्या ज्येष्ठ अभियंत्यांनी फोनवर इंग्रजीत 'हाफ थ्री' अशी वेळ सांगितली. ती टिपून घेणारा सहकारी काही वर्षे इंग्लंडमध्ये राहिलेला होता. तिथे 'हाफ थ्री' म्हणजे साडेतीन, म्हणून त्याने साडेतीन लिहिले. उन्हाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते, ते तास त्याने मिळवले आणि सर्वांना संध्याकाळी सातला हजर राहण्याचा निरोप दिला. जर्मन अभियंत्यांच्या मनात मात्र 'हाल्ब द्राय' होते, म्हणजे दुपारचे अडीच. आपल्याकडे सहा वाजले तेव्हापासून ते लोक तासभर रिकाम्या पडद्यासमोर बसून राहिले आणि आमची माणसे सातला जोडली गेली तेव्हा त्यांची पुढची बैठक सुरू झालेली होती.

या प्रसंगात मला कोणालाच दोष देता येत नाही. सांगणाऱ्याने आपल्या भाषेतली वेळ शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत सांगितली आणि ऐकणाऱ्याने ती इंग्लंडच्या रीतीप्रमाणे अचूक समजून घेतली. तास हरवला तो मधल्या इंग्रजी शब्दांत.

आता जर्मनीला जाणाऱ्या तंत्रज्ञांसाठी मला दोन पानांचे टिपण तयार करायचे आहे. माझे मत असे आहे की मराठी माणसाला जर्मन वेळ इंग्रजीतून शिकवूच नये. हाल्ब त्स्वाय म्हणजे दीड, हाल्ब द्राय म्हणजे अडीच, असे थेट आपल्या शब्दांत सांगावे. आपले अनुभव अवश्य लिहावेत, आणि मत पटत नसेल तर तेही स्पष्ट सांगावे.

दर्यावर्दी

मी मूळचा वास्कोचा आहे. हॅम्बुर्गला ये-जा करणाऱ्या जहाजांवर काम केल्यामुळे माझे उत्तर अगदी लहान आहे. चोवीस तासांचे घड्याळ वापरावे आणि १४:३० लिहावे. त्यात कोणाचाही गोंधळ होत नाही.

एक निरीक्षण मात्र नोंदवतो. 'हाफ थ्री' ऐकून अमेरिकी माणूस थांबतो आणि पुन्हा विचारतो, कारण त्याच्या बोलीत ही रचना नाही. ब्रिटिश माणूस विचारत नाही, कारण आपल्याला कळले अशी त्याची खात्री असते. खरा धोका त्या खात्रीत आहे.

धनुकली

मुळाकाठ, मी पुण्यात जर्मन शिकवते आणि तुमच्या मताशी पूर्णपणे सहमत होऊ शकत नाही. वर्गात मी नेमकी हीच वाट धरून पाहिली आहे. दीड आणि अडीच या दोन वेळांना मुले चटकन पकडतात, परंतु हाल्ब फिअर आले की त्यांची गाडी घसरते. आपल्याकडे अडीचनंतर 'साडे' सुरू होते आणि साडेमध्ये झालेला तास बोलला जातो. 'फिअर' म्हणजे चार हे कळलेले असते, त्यामुळे मूल 'साडेचार' असे उत्तर देते, आणि खरे उत्तर साडेतीन असते. म्हणजे दोन वेळांपुरती मराठी मदत करते आणि उरलेल्या दहा वेळांना तीच अडवते. हे टिपण वाचून एखादा तंत्रज्ञ हाल्ब झेक्स म्हणजे साडेसहा समजला, तर सकाळच्या पाळीला तो तासभर उशिरा पोहोचेल.

मुळाकाठ

दर्यावर्दी, लेखी व्यवहारात तुमचा उपाय उत्तम आहे, आणि जर्मन लोकही लिहिताना तोच वापरतात. रेल्वे स्थानकावरच्या घोषणेतही चोवीस तासांचीच वेळ ऐकू येते. परंतु यंत्राशेजारी उभा असलेला फोरमन 'हाल्ब द्रायला भेटू' असेच म्हणतो. आपल्याला सांभाळायचे आहे ते हे बोलणे.

धनुकली, तुमचा आक्षेप वजनदार आहे. साडेचारचा विचार मी केला नव्हता.

अक्षरवाट

मला मराठी शब्दांच्या जुन्या रूपांचा अभ्यास करण्याची आवड आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. धनुकलींना दिसलेली अडचण खरी आहे. तिचे कारण असे की मराठीत अर्धे मोजण्याच्या दोन निरनिराळ्या रीती शेजारी शेजारी नांदत आहेत.

'साडे' हा शब्द 'सार्ध' यावरून आला. सार्ध म्हणजे अर्ध्यासह. साडेचार म्हणजे चार आणि वर अर्धा. ब्रिटिश माणसाचे 'हाफ फोर' याच जातीचे आहे. 'अडीच' मात्र 'अर्धतृतीय' यावरून आला. त्याचा अर्थ तिसरा अर्धा असा होतो, म्हणजे दोन पूर्ण झाले आणि तिसऱ्यातला अर्धा घेतला. 'हाल्ब द्राय' याची बांधणी हुबेहूब हीच आहे. 'दीड' हा 'द्व्यर्ध' यावरून आला, म्हणजे दुसरा अर्धा. जर्मन भाषेत दीड या संख्येला 'आन्डर्टहाल्ब' म्हणतात आणि त्यातल्या 'आन्डर' या अंशाचा जुना अर्थ 'दुसरा' असाच आहे.

ही रीत मराठीत अडीचलाच थांबली नव्हती. 'औट' म्हणजे साडेतीन, आणि तो शब्द 'अर्धचतुर्थ' यावरून आला आहे. 'औट घटकेचे राज्य' आपण आजही म्हणतो, ते साडेतीन घटकांचे राज्य आहे. मानवी देहालाही 'औट हात' म्हटले जाई. शाळांमध्ये पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांच्या पंगतीत औटकीही घोकून घेत असत. तेव्हा हाल्ब फिअर म्हणजे औट. धनुकलींच्या वर्गात जिथे गाडी घसरते, तिथपर्यंत आपले रूळ एके काळी पोहोचलेले होते.

रोमन लोकांचे 'सेस्टर्शियस' हे नाणेही मुळात अडीच 'अस' किमतीचे होते आणि त्याच्या नावाचा अर्थ 'तिसरा अर्धा' असाच आहे. डच आणि स्कँडिनेव्हियन भाषाही घड्याळ जर्मनप्रमाणेच सांगतात. या सगळ्या शेजाऱ्यांत आजची इंग्रजी एकटी वेगळी पडते, आणि दुर्दैवाने जगाचे भाषांतर तिच्यातूनच जाते.

धनुकली

अक्षरवाट, औटबद्दल वाचून फार आनंद झाला. औट घटकेचे राज्य मी शेकडो वेळा म्हटले असेल, परंतु ते हाल्ब फिअर आहे हे कधी लक्षात आले नव्हते. अर्थात वर्गातल्या मुलांना औट माहीत नाही, त्यामुळे त्यावर धडा उभा राहणार नाही. मात्र 'तिसरा अर्धा' ही कल्पना उपयोगी आहे. बारा ते एक हा पहिला तास, एक ते दोन हा दुसरा आणि दोन ते तीन हा तिसरा. हाल्ब द्राय म्हणजे तिसरा तास निम्मा भरला. हाल्ब फुन्फ म्हणजे पाचवा तास निम्मा भरला, अर्थात साडेचार. पुढच्या तुकडीला मी फळ्यावर बारा पेले काढून एकेक भरून दाखवणार आहे.

यातून 'फुन्फ फोर हाल्ब द्राय' हीसुद्धा सुटते. इंग्रजीत 'फाइव्ह बिफोर हाफ थ्री' असे लिहिले की वाचणारा हतबल होतो. मराठीत 'अडीचला पाच कमी' म्हणावे, की २:२५ लगेच डोळ्यांसमोर येतात.

नेकारतीर

मी स्टुटगार्टला राहते. आमच्याकडे अर्ध्यावरच भागत नाही, पावाचाही हिशेब असतो. श्वाबिश बोलणारे लोक २:१५ ला 'फिअर्टेल द्राय' म्हणतात आणि २:४५ ला 'द्रायफिअर्टेल द्राय'. साक्सनी आणि बर्लिनकडेही हीच पद्धत ऐकली आहे, ऑस्ट्रियाच्या काही भागांतही आहे. हॅम्बुर्गचे लोक मात्र 'दोनच्या नंतर पाव' आणि 'तीनच्या आधी पाव' असे सांगतात, त्यामुळे खुद्द जर्मन लोकांचाही आपसांत घोटाळा होतो.

द्रायफिअर्टेल द्राय मला पहिल्याच दिवशी समजले, कारण ते शब्दशः पावणेतीन आहे. पाऊण आणि तीन! फिअर्टेल द्रायने मात्र चांगलाच फटका दिला. मुलीच्या बालवाडीत संध्याकाळी पालकसभा होती आणि ताईंनी 'फिअर्टेल आख्ट' अशी वेळ सांगितली. मी नवऱ्याला इंग्रजीत 'क्वार्टर एट' असा निरोप पाठवला. त्यांनी तो 'क्वार्टर पास्ट एट' असा वाचला आणि ते सव्वाआठला पोहोचले. सभा सव्वासातला सुरू होऊन जवळजवळ संपली होती. त्यांना मी मराठीत लिहिले असते तर आधी मलाच नीट विचार करावा लागला असता की हे सव्वासात आहे की सव्वाआठ. इंग्रजीत लिहिल्यामुळे न समजताच पुढे ढकलता आले, आणि याचेच मला अधिक वाईट वाटले.

अक्षरवाट

नेकारतीर, तुमचे शेवटचे वाक्य या साऱ्या चर्चेतले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शब्दांपुरते एवढेच जोडतो की पाऊण म्हणजे 'पादोन', एक पाव उणे; आणि सव्वा म्हणजे 'सपाद', पावासह. म्हणून पावणेतीन पुढच्या तासाकडे पाहते आणि सव्वातीन मागच्या तासाकडे. जर्मन पाव, अर्धा आणि पाऊण हे तिन्ही पुढच्याच तासाकडे पाहतात.

एल्बेपार

घड्याळाकडून वाराकडे येतो. मी ड्रेस्डेनला आहे. इथे आणि उत्तर जर्मनीत शनिवारला 'झोनआबेंड' म्हणतात. नवीन आलेल्या माझ्या एका मित्राला 'झोनटाग' म्हणजे रविवार आणि 'आबेंड' म्हणजे संध्याकाळ एवढे ठाऊक होते. घरमालकीणबाईंनी किल्ली झोनआबेंडला मिळेल असे कळवले, आणि त्याने ते आपल्या मनाशी 'संडे इव्हिनिंग' असे इंग्रजीत करून घेतले. मालकीणबाई शनिवारी दिवसभर त्याची वाट पाहत होत्या. या शब्दाचा मूळ अर्थ रविवारची पूर्वसंध्या असा आहे. 'हायलिगआबेंड' म्हणजे नाताळची पूर्वसंध्या, २४ डिसेंबर, त्यातला 'आबेंड' हाच. दक्षिणेत 'झाम्सटाग' म्हणतात, म्हणून पुण्यातल्या वर्गांत बहुधा तोच शब्द आधी शिकवला जातो.

शुश्रूषा

मी दक्षिण जर्मनीत एका रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्या कामात वेळेची चूक महाग पडते, म्हणून 'हॉयटे नाख्ट' याबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. 'हॉयटे' म्हणजे आज आणि 'नाख्ट' म्हणजे रात्र, तेव्हा इंग्रजीत 'टुनाइट' होणार असे कोणालाही वाटेल. परंतु सकाळी रुग्ण जेव्हा 'हॉयटे नाख्ट मला झोप लागली नाही' असे सांगतो, तेव्हा तो नुकत्याच सरलेल्या रात्रीबद्दल बोलत असतो. येणाऱ्या रात्रीलाही हाच शब्द आहे, आणि फरक फक्त क्रियापदाच्या काळावरून कळतो. नव्याने आलेली एक सहकारी आपल्या वहीत इंग्रजीत टिपणे ठेवत असे. एका आजोबांनी रात्री छातीत दुखल्याचे सांगितले आणि तिच्या वहीत 'टुनाइट' असा शब्द उतरला. पाळी बदलताना मी वही पाहिली आणि तिला विचारले, म्हणून ती गोष्ट त्याच सकाळी डॉक्टरांपर्यंत पोहोचली.

आपण सरलेल्या रात्रीला 'काल रात्री' म्हणतो. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो असे घरातली वडीलधारी माणसे मानत, त्यामुळे पहाटे तीनला दुखले तरी ते काल रात्रीचेच. जर्मन माणसासाठी ती रात्र आजच्या दिवसाला जोडलेली असते. मी टिपण लिहिताना नेहमी दोन तारखा घालते, 'बारा आणि तेरा यांमधली रात्र' अशी, आणि सर्वांना तसेच करण्याची विनंती करते.

कलमकसर

शुश्रूषाताई, दोन तारखा घालण्याची आपली सवय करारांच्या भाषांतरातही अनुकरणीय आहे. त्या क्षेत्रात मी काम करतो आणि तिथला अनुभव थोडा वेगळा आहे. इंग्रजीत सैल वाटणारे काही शब्द जर्मन कायद्यात काटेकोर असतात. १९०० मध्ये अमलात आलेल्या जर्मन नागरी संहितेच्या कलम १९२ प्रमाणे महिन्याचा आरंभ म्हणजे पहिली तारीख, महिन्याचा मध्य म्हणजे पंधरावी आणि महिन्याचा शेवट म्हणजे शेवटचा दिवस. जर्मन करारात 'महिन्याच्या मध्यापर्यंत' असे असताना इंग्रजीत 'मिड मे' असे केले, तर वाचणारा दहा ते वीस मे यांपैकी काहीही समजतो. कलम १८९ प्रमाणे अर्धा महिना म्हणजे १५ दिवस, मग तो फेब्रुवारी का असेना.

दुसरी गोष्ट 'आख्ट टागे', अर्थात आठ दिवस. बोलताना याचा अर्थ एक आठवडा असा होतो. 'आजपासून आठ दिवसांनी' म्हणजे पुढच्या आठवड्यातला हाच वार. व्यापारी संहितेच्या कलम ३५९ ने मात्र स्पष्ट केले आहे की आठ दिवसांची मुदत ठरली असेल आणि शंका असेल, तर पूर्ण आठ दिवस धरावेत. लोकांच्या बोलण्यात आठ म्हणजे सातच, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते, म्हणून तर हे कलम घालावे लागले. इंग्रजी भाषांतरात 'एट डेज' एवढेच उरते आणि ही दोन माणसांमधली समजूत नाहीशी होते.

अक्षरवाट

इथे तर मराठी माणसाला काही समजावण्याचीही गरज पडू नये. सात दिवसांच्या काळाला आपण 'आठवडा' म्हणतो! 'आठ दिवसांनी ये' असे आजीने सोमवारी सांगितले, तर आपण पुढच्या सोमवारीच जातो. आरंभाचा आणि शेवटचा असे दोन्ही दिवस मोजण्याची ही रीत आहे. दोन आठवड्यांच्या काळाला आपण 'पंधरवडा' म्हणतो. जर्मन भाषा एका ठिकाणी आपल्यापासून फुटते. एका आठवड्याला ती 'आठ दिवस' म्हणते, परंतु दोन आठवड्यांना 'फिअर्त्सेन टागे', म्हणजे चौदा दिवस, म्हणते. फ्रेंच लोक मात्र आपल्यासारखे आठ आणि पंधरा असे दोन्ही म्हणतात.

सह्यकडा

म्युनिकमध्ये सॉफ्टवेअरचे काम करतो. आमच्याकडे सर्वाधिक घोटाळा 'बिस' या लहानशा शब्दाने होतो. 'बिस फ्रायटाग' म्हणजे शुक्रवारपर्यंत. जर्मन सहकारी इंग्रजीत 'सेंड इट अंटिल फ्रायडे' असे लिहितात. आमच्या पुण्याच्या माणसांना त्यात काहीच वावगे वाटत नाही, कारण आपलेही 'पर्यंत' तसेच आहे: शुक्रवारपर्यंत अहवाल देतो आणि शुक्रवारपर्यंत रजेवर आहे, या दोन्ही ठिकाणी शब्द एकच. इंग्रजीला मात्र इथे 'बाय' आणि 'अंटिल' असे दोन शब्द लागतात. आयर्लंडच्या एका सहकाऱ्याने 'अंटिल फ्रायडे' वाचून खरोखरच शुक्रवारपर्यंत रोज एकेक फाइल पाठवली.

'झाइट' (पासून) आणि 'फोर' (पूर्वी) यांचेही तसेच आहे. जर्मन माणूस 'आय वर्क हिअर सिन्स थ्री इयर्स' म्हणतो, आणि मराठी माणूस 'तीन वर्षांपासून इथे काम करतो' या वाक्यावरून तेच इंग्रजी बोलतो. 'बिफोर टू इयर्स' हेही दोघांच्या तोंडी सारखेच. पुणे आणि म्युनिक एकमेकांशी चुकीच्या इंग्रजीत बोलतात तेव्हा त्यांना एकमेकांचे अचूक कळते, आणि तिसरा माणूस आला की गोंधळ होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

एल्बेपार

सह्यकडा, या यादीत 'एव्हेन्टुएल' हा शब्दही घालावा. त्याचा अर्थ 'कदाचित' असा आहे. 'आम्ही कदाचित गुरुवारी येऊ' याचे 'वुई विल इव्हेंच्युअली कम ऑन थर्सडे' असे भाषांतर झाले आणि आमच्या मंडळाने गुरुवारी दहा माणसांचा स्वयंपाक करून ठेवला.

वाचनखूण

हायडेलबर्गमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक भर घालते. व्याख्यानाच्या वेळेपुढे 'सी. टी.' अशी अक्षरे असतील तर ती लॅटिन 'कुम टेम्पोरे' याची आहेत, आणि व्याख्यान पाव तास नंतर सुरू होते. दहा सी. टी. म्हणजे सव्वादहा. 'एस. टी.' असेल तर ठीक दहा. माझ्या पहिल्या व्याख्यानाची सूचना मी भाषांतराच्या साधनातून इंग्रजीत वाचली होती आणि ती अक्षरे त्यात गळून गेली. ठीक दहाला रिकाम्या सभागृहात बसून, व्याख्यान रद्द झाले असे समजून, मी दहा मिनिटांनी परत गेले.

दर्यावर्दी

सर्व प्रतिसाद वाचून माझे आधीचे उत्तर अपुरे होते हे मान्य करतो. १४:३० लिहिल्याने हाल्ब द्रायचा प्रश्न सुटतो, परंतु झोनआबेंड, हॉयटे नाख्ट आणि बिस यांचा सुटत नाही. मुळाकाठ, टिपणाचे काय ठरले?

मुळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. 'इंग्रजीतून शिकवू नये' या मतावर मी कायम आहे, परंतु 'हाल्ब द्राय म्हणजे अडीच' एवढ्यावर भागणार नाही हे धनुकलींमुळे कळले. पहिल्या पानावर त्यांचे बारा पेले असतील. फिअर्टेल, हाल्ब आणि द्रायफिअर्टेल तिन्ही एकाच पेल्यात दाखवता येतील, म्हणजे नेकारतीर यांच्या सव्वासातचाही उलगडा होईल. दुसऱ्या पानावर झोनआबेंड, हॉयटे नाख्ट, बिस, आख्ट टागे आणि एव्हेन्टुएल यांचे थेट मराठी अर्थ देईन. सी. टी. विद्यार्थ्यांसाठी आहे, म्हणून वगळतो. शेवटी एकच सूचना असेल: जर्मन माणसाने बोलून सांगितलेली वेळ त्याच्यासमोर चार अंकांत लिहावी, सोबत तारीख लिहावी आणि कागद त्याला दाखवावा. कच्चा मसुदा शुक्रवारपर्यंत इथे ठेवतो.

धनुकली

जरूर ठेवावा, मी तपासून देईन. शुक्रवारपर्यंत म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत असे मी धरून चालते. तसे नसेल तर कळवावे.

मुळाकाठ

तसेच आहे. शुक्रवार, १७:०० च्या आत, पुण्याच्या घड्याळाप्रमाणे.